तेलाची बाटली आणि पळालेलं तुफान : नागपूरच्या शिक्षकांना खुलं पत्र

नागपूर शहर आणि जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमधल्या विज्ञानाच्या व मराठीच्या शिक्षक-शिक्षिकांस,
तसंच रमण विज्ञान केंद्राच्या अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

३० नोव्हेंबर हा जगदीशचंद्र बोस यांचा जन्मदिवस. त्या दिवशी शाळेच्या फलकावर त्यांचं नाव येतं आणि खाली बहुधा एकच ओळ असते : वनस्पतींना संवेदना असतात हे यांनी दाखवलं. जिथे तयारी जरा अधिक असते तिथे बिनतारी लहरींचाही उल्लेख होतो. पण याच बोस यांनी १८९६ साली बंगालीत एक विज्ञानकथा लिहिली, तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि पंचवीस वर्षांनी त्यांनी ती पुन्हा हातात घेऊन नव्यानं मांडली, हे फार थोड्या मुलांच्या कानावर पडतं. मोठ्यांच्याही.

आमची मागणी साधी आहे. येत्या ३० नोव्हेंबरला आठवी ते दहावीच्या वर्गांत ही कथा वाचून दाखवा, आणि त्याच दिवशी तिच्यातलं विज्ञान पाण्यावर तेल सोडून तपासा. मराठीची एक तासिका लागेल, विज्ञानाच्या दोन. सामान बरंचसं स्वयंपाकघरातलं आहे. काय लागतं, कसं करायचं आणि कुठे हमखास बिघडतं ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी कथा. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आहे आणि ते कलकत्त्यावर येणार, असा हवामान खात्याचा इशारा येतो. शहर धास्तावतं. ठरलेली वेळ येते, जाते, आणि काहीच होत नाही. एवढं मोठं वादळ गेलं कुठे? वर्तमानपत्रांत चर्चा होते, शास्त्रज्ञ आपापले तर्क लढवतात, कोडं काही सुटत नाही. मग खरा प्रकार सांगायला निवेदक पुढे येतो. तापानं त्याचे केस गेलेले असतात आणि डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवलेला असतो. सिंहलद्वीपाकडे निघताना मुलीनं त्याच्यासोबत केशतेलाची एक बाटली दिलेली असते. भर समुद्रात वादळ गाठतं, जहाज आता जातं की मग जातं अशी वेळ येते. तेलानं लाटा शांत होतात असं कधीतरी वाचलेलं त्याला आठवतं. तो बाटली समुद्रात टाकतो, समुद्र निवतो आणि कलकत्ता वाचतं.

बाटली कथेत आली ती स्पर्धेच्या अटीमुळे. हेमेंद्रमोहन बोस हे कलकत्त्याचे उद्योजक. ‘कुंतलीन’ हे केशतेल आणि ‘देलखोश’ हे अत्तर ही त्यांची नामांकित उत्पादनं. १८९६ मध्ये त्यांनी कुंतलीन पुरस्कार सुरू केला. कथेत मालाचं नाव यावं, पण जाहिरात वाटू नये, अशी अट होती. पहिल्याच वर्षी जगदीशचंद्रांची ‘निरुद्देशेर काहिनी’ पहिली आली आणि लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. (याच स्पर्धेत १९०३ साली शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘मंदिर’ला बक्षीस मिळालं. तीही त्यांनी स्वतःच्या नावानं पाठवली नव्हती.) पुढे १९२१ मध्ये ‘अव्यक्त’ या आपल्या बंगाली लेखसंग्रहात बोस यांनी ती ‘पलातक तुफान’ या नावानं बदलून घेतली. तेलाचं नावही तिथे ‘कुंतल केसरी’ झालं.

अशी अट असली की बाटली आरशापुढे ठेवून मोकळं होणं सोपं असतं. बोस यांनी तसं केलं नाही. त्यांनी तेलाला कथेचं कारणच बनवलं. बाटली काढून घेतली तर वादळ कलकत्त्यावर येतं आणि गोष्ट उरतच नाही. विज्ञानकथेची याहून नेमकी कसोटी आम्हाला ठाऊक नाही : त्यातला वैज्ञानिक धागा ओढून काढला की कथा कोसळली पाहिजे. आज विज्ञानकथा म्हणून छापल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींत यंत्रमानवाच्या जागी नोकर ठेवला तरी काही बिघडत नाही. १८९६ ची ही छोटी कथा त्या कसोटीवर आजही खणखणीत उतरते.

ही भारतातली पहिली विज्ञानकथा, असा हट्ट मात्र वर्गात धरू नका. बंगालीतच हेमलाल दत्त यांची ‘रहस्य’ १८८२ ची आहे. मराठीपुरतं बोलायचं तर ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद १९०० मध्ये आला आणि श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ १९१५ मध्ये. मराठीच्या शिक्षकांनी इथे आणखी एक जोड जरूर सांगावी. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळाल्यावर कळलं की हे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. नावाजलेला शास्त्रज्ञ, कथास्पर्धा, आणि नाव बाजूला ठेवून कथेला तिच्या बळावर उभं राहू देणं. नारळीकरांचं हे सगळ्यांना पाठ आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षं आधीचं बोस यांचं मात्र विसरलं गेलं.

कथेचा पहिला अर्धा भाग वाचताना काळ लक्षात ठेवायला हवा. कलकत्त्यानं १८६४ चं भयंकर चक्रीवादळ सोसलं होतं. त्यानंतर १८६५ पासून कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे देण्याची सोय झाली. भारतीय हवामान खातं १८७५ चं. म्हणजे कथा लिहिली तेव्हा ‘वादळ येणार’ असं सरकारनं आधी सांगणं ही अजून नवलाईची गोष्ट होती, आणि सांगितलेलं वादळ न येणं ही तर त्याहून नवी. बोस यांनी नेमकं तेच उचललं. हा भाग बातम्यांच्या आणि सरकारी कागदांच्या भाषेत चालतो. दुसरा भाग एका टक्कल पडत चाललेल्या माणसाच्या तोंडून येतो. दोन आवाजांमधला हा बदल मोठ्यानं वाचताना ऐकू आला पाहिजे, म्हणून दोन वेगळ्या विद्यार्थ्यांना वाचायला सांगा. लेखनासाठी विषय असा द्या : नागपुरात गारपीट होणार असा सोनेगावच्या हवामान केंद्राचा इशारा होता, ती झाली नाही, का ते सांगा. पहिलं पान बातमीच्या भाषेत लिहायचं, दुसरं एका माणसाच्या बोलीत. अट एकच, कारण त्या इयत्तेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उचललेलं असावं. चमत्कार चालणार नाही.

आता तेलाकडे. बोस यांनी ही कल्पना हवेतून काढलेली नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं. त्यांचा निबंध १७७४ चा. आकडेमोड मुलांकडून करून घ्या. चमचा ५ मिलिलिटरचा धरला आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर, तर थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर. म्हणजे जवळपास एका रेणूची. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. रेणूचं माप घेता येईल अशी कल्पनाच तेव्हा नव्हती.

तो भागाकार १८९० मध्ये लॉर्ड रॅली यांनी केला. ८४ सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात त्यांनी ०.८१ मिलिग्रॅम ऑलिव्ह तेल सोडलं आणि थर १.६ नॅनोमीटरचा ठरवला. हे रॅली म्हणजे केंब्रिजमध्ये बोस यांना शिकवणारे प्राध्यापक. बोस यांचा विद्युतलहरींवरचा निबंध १८९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनीच मांडला होता. पुढच्याच वर्षी बोस पाण्यावरच्या तेलाची कथा लिहितात. निवेदक म्हणतो ‘कुठेतरी वाचलं होतं’, पण लिहिणाऱ्याला तो विषय किती जवळचा होता ते यावरून समजतं. जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या ॲग्नेस पॉकल्स यांचंही नाव मुलींच्या शाळांत आवर्जून घ्या. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरातल्याच वस्तूंतून पत्र्याचं लांबट पात्र आणि त्यावर सरकणारी पट्टी असं साधन बनवलं आणि पाण्याच्या पृष्ठताणाची मापं घेतली. रॅली यांनी त्यांचं पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’कडे छापायला पाठवलं.

प्रयोग पहिला : थर मोजणं. ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची परात घ्या. खरी मेहनत ती धुण्यात आहे. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, त्याचा अंश राहिला की तेल पसरतच नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासा आणि पाच-सहा पाण्यांनी खळबळून काढा. त्यानंतर आतल्या बाजूला बोट लागता कामा नये, त्वचेवरचं तेल एवढ्या परातीला पुरून उरतं. पाणी दोन सेंटिमीटर भरा. बोअरचं जड पाणी टाळा, त्यातलं कॅल्शियम ओलेइक आम्लाशी (तेलातलं एक स्निग्ध आम्ल, थर आपण त्याचाच मोजणार आहोत) जुळून थर कडक करतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या.

पाणी स्वच्छ आहे की नाही ते कळायला कापूर आहे. भीमसेनी कापराचा मोहरीएवढा तुकडा पाण्यावर टाका. तो गरगर फिरत धावला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. सुस्त पडून राहिला तर परात पुन्हा धुवा. रॅली यांनीही कापराचं नाचणं कधी थांबतं हीच खूण धरली होती, आणि १.६ नॅनोमीटरचा आकडा त्यातूनच आला. पूजेच्या साध्या वड्यांत इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात, त्यामुळे त्या नकोत. तपासणी झाली की तुकडा चिमट्यानं उचला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची पट्टी पाण्यावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घ्या.

द्रावण असं करा. ओलेइक आम्ल १ मिलिलिटर घ्या आणि त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून १०० मिलिलिटर करा. त्यातलं १० मिलिलिटर वेगळं काढून पुन्हा अल्कोहोलनं १०० मिलिलिटर करा. झालं हजारात एक. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरून भागवू नका, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ बर्नर नको. आता ड्रॉपरनं १ मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात ते मोजा. पाण्याचे वीस बसत असतील तर अल्कोहोलचे पन्नासच्या घरात जातात, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच आहे. पुस्तकातला ‘वीस थेंब’ हा आकडा डोळे मिटून धरला तर उत्तर अडीच पट चुकतं. वर्गात सगळ्यात जास्त वेळा होणारी गडबड हीच.

पाण्यावर लायकोपोडियमची (या वनस्पतीच्या बारीक बीजाणूंची) भुकटी मलमलच्या कापडातून भुरभुरवा. ती नसेल तर बारीक वस्त्रगाळ मिरपूड चालेल. पाणी खालून दिसत राहील इतकीच. साय धरल्यासारखी भुकटी बसली तर थर तिला ढकलू शकत नाही आणि वर्तुळ लहान येतं. खडूची पूड घेऊ नका, ती भिजून बुडते. पंखा बंद करा. आधी नुसत्या अल्कोहोलचा एक थेंब टाका. भुकटी क्षणभर बाजूला होते आणि परत मिटते. मग द्रावणाचा एक थेंब, पाण्याच्या अगदी जवळून. भुकटी सपकन दूर सरते आणि या वेळी मिटत नाही. वर्तुळ वाकडंतिकडं असेल, तेव्हा चार दिशांनी व्यास मोजून सरासरी काढा. ११ ते १३ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. थेंब ०.०२ मिलिलिटरचा असेल तर त्यात ओलेइक आम्ल ०.००००२ घन सेंटिमीटर. त्याला वर्तुळाच्या क्षेत्रफळानं भागा, दीड ते दोन नॅनोमीटर मिळतात. नववीतल्या मुलानं मोजपट्टीनं रेणूची लांबी मोजली, एवढं हे सरळ आहे. दुसरा थेंब त्याच पाण्यात टाकून पुन्हा माप घ्यायचं नाही. दर खेपेला परात धुवायची, म्हणून एका वर्गाला तीन-चार पराती लागतील.

प्रयोग दुसरा : लाटा शांत करणं. हा मैदानावर, सावलीत. दीड मीटर लांबीचं उथळ टाकं किंवा लहान मुलांच्या अंघोळीचा प्लास्टिकचा हौद पुरेल. तळाला काळं प्लास्टिक अंथरा, नाहीतर तरंग दिसत नाहीत. एका टोकापासून दीड मीटरवर स्टुलावर टेबलफॅन ठेवा, वेग सर्वांत कमी. वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नका आणि बटणापाशी शिक्षकांनी स्वतः उभं राहावं. पाण्यावर दोन-तीन सेंटिमीटर अंतराचे बारीक तरंग उठले की पंख्याकडच्या टोकाला जवसाच्या तेलात बुडवलेल्या दातकोरणीचं टोक टेकवा. थेंब नको, टोकावर चिकटलेलं तेल पुष्कळ झालं. तरंग पुसल्यासारखे होतात आणि पाण्यात आभाळ दिसायला लागतं.

तेल जवसाचंच घ्या, आणि घाण्यावर काढलेलं. आपल्या विदर्भात ते सहज मिळतं. रिफाइंड केलेल्या तेलातली मुक्त स्निग्ध आम्लं काढून टाकलेली असतात, तीच तर पाण्याला धरून झपाट्यानं पसरतात. केसांचं तेल वापरून पाहण्याचा मोह मुलांना होणारच, कथेत तेच आहे. जरूर पाहू द्या, पण दोन गोष्टी सांगून. नोव्हेंबरअखेर नागपूरच्या सकाळी खोबरेल थिजलेलं असतं, कारण ते २४ अंशांच्या खाली गोठू लागतं. आणि आजची पुष्कळशी ‘हलकी’ केशतेलं लिक्विड पॅराफिन या खनिज तेलावर बनतात. बाटलीवरचं घटकांचं लेबल मुलांना वाचायला लावा. पॅराफिनच्या रेणूला पाणी धरणारं टोकच नसतं, त्यामुळे ते न पसरता भिंगासारखं गोळा होऊन तरंगतं. १९६० च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात जीवनरक्षक होडीच्या सामानात साडेचार लिटर तेल ठेवायची अट होती : वनस्पतींचं, माशांचं किंवा प्राण्यांचं. खनिज तेल त्या यादीत नव्हतं. आजची पॅराफिनची बाटली घेऊन निवेदक निघाला असता तर जहाज बुडालं असतं.

पंधरा-वीस सेकंदांनी पंख्याकडून तरंग परत येऊ लागतील. प्रयोग फसला असं समजू नका. वाऱ्यानं तेलाचा थर वाहून पलीकडच्या कडेला लोटला, एवढंच. पृष्ठभाग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगानं सरकतो. सेकंदाला तीन मीटर वारा असेल तर नऊ सेंटिमीटर. म्हणून तेल वाऱ्याच्या तोंडाशी आणि सतत थोडं थोडं सोडावं लागतं. होडीतलं तेलही पुढे पाण्यात सोडलेल्या तरंगत्या नांगराला बांधून झिरपत ठेवायची सोय असे, ती याचसाठी. कथेत बाटली एकदाच जाते. मुलांना विचारा, ते तेल किती वेळ टिकलं असतं?

मग टेबलफॅन काढून कूलरचा मोठा पंखा लावा. पाणी उसळेल, थर फाटेल, कितीही तेल टाकलं तरी आरसा होणार नाही. विज्ञान कथेतून कुठे निसटतं ते इथे दिसतं आणि चर्चेचा खरा तास इथूनच सुरू होतो.

तेल करतं काय? वारा पाण्याला धरतो तो बारीक तरंगांच्या खडबडीतून. तेलाचा थर तरंगाबरोबर आवळतो, ताणला जातो, जागोजागी पृष्ठताण कमीजास्त होतो, आणि त्या ओढाताणीत पृष्ठभागालगतच्या पाण्यातलं घर्षण वाढून बारीक तरंगांची ऊर्जा विरते. खडबड गेली की वाऱ्याची पकड सुटते, नव्या लाटा वाढत नाहीत, फुटणारे शेंडे कमी होतात. पण आधीच उठलेल्या मोठ्या लाटा तशाच येत राहतात. फ्रँकलिन यांनी १७७३ मध्ये पोर्ट्समथच्या किनाऱ्यावर हे करून पाहिलं होतं. पाण्याचा मधला पट्टा गुळगुळीत झाला, किनाऱ्यावर आपटणारी लाट मात्र कमी झाली नाही. त्यांनी हा अपयशाचा भागही निबंधात सविस्तर लिहिला आहे.

बोस यांची कथा लाटांवरून एकदम वाऱ्यावर उडी घेते. चक्रीवादळाची ताकद लाटांत नसते. ती २६-२७ अंशांहून गरम समुद्रावरून उठणाऱ्या वाफेत असते. वाफ वर जाऊन थंडावते आणि उष्णता सोडते. लाटा तिचा परिणाम आहेत. तरीही तेलाच्या हिशेबानं मुलं चकित होतील. २०० मिलिलिटरची बाटली दोन नॅनोमीटर जाडीनं पसरली तर १ लाख चौरस मीटर, म्हणजे २५ एकर झाकते. आपला फुटाळा तलाव सुमारे ६० एकरांचा, त्याला अर्धा लिटर पुरेल. (तलावावर करून पाहायचं नाही. हा हिशेब वहीतच राहू द्या, माशांना आणि पाण्याला त्रास देऊन शिकायचं काही नाही.) ३०० किलोमीटर व्यासाचं वादळ घेतलं तर खालचा समुद्र सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, आणि त्याला तेल लागतं १ लाख ४० हजार लिटर. वीस हजार लिटरचे सात टँकर. एवढंच! अडचण तेलाच्या मापाची नाहीच. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला की असा थर फाटून पाण्यात मिसळू लागतो, आणि चक्रीवादळ म्हणायचं तेच मुळी वारा ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला की.

यामुळे कथा कमी ठरते असं आम्हाला वाटत नाही. तिचं पहिलं पाऊल पूर्णपणे खरं आहे, दुसरं निम्मं खरं आणि तिसरं कल्पनेचं. कुठलं पाऊल कुठे पडलं हे पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतः करून शोधता येतं. अवकाशयानाच्या किंवा काळप्रवासाच्या कथेत ही सोय नसते. आणि बोस यांना ही उडी दिसत नव्हती असं कोण म्हणेल? तर्कांची सगळी मिरवणूक आधी काढून, शेवटी टक्कल पडलेल्या माणसाच्या हाती उत्तर देणारा लेखक वाचकाला मिस्कीलपणे आव्हान देतो आहे : खोडून दाखवा.

संहितेबद्दल थोडं. बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा हिशेब धरला तर १ जानेवारी १९९८ पासून त्यांच्या मूळ बंगाली लेखनावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. १८९६ चा पाठ असो की १९२१ चा, अनुवाद करून शाळेत वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र अलीकडच्या इंग्रजी अनुवादांवर त्यांच्या अनुवादकांचा हक्क आहे, तिथून मराठी करायचं तर विचारावं लागेल. त्यापेक्षा मूळ बंगालीवरून करणं केव्हाही चांगलं, आणि ते नागपूरला अवघड नाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून इथे बंगाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे बंगालीच. घरात बंगाली आणि शाळेत मराठी बोलणारे विद्यार्थी आणि पालक धंतोलीच्या शाळांना तर शोधावेही लागणार नाहीत. अनुवाद १९२१ च्या पाठावरून करा, तोच लेखकाचा अखेरचा हात. कथा लहान आहे, मोठ्यानं वाचून एका तासिकेत संपते.

रमण विज्ञान केंद्राला वेगळी विनंती. शाळेच्या हौदात जे पंधरा सेकंद दिसतं ते दिवसभर दाखवता येईल असं एक दालन-उपकरण आपल्याकडे व्हावं. चार मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, काचेच्या भिंतींचं टाकं, पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे ४०० लिटर. एका टोकाला वेग बदलता येणारा पंखा आणि वाऱ्याचा वेग दाखवणारा आकडा, म्हणजे थर कितीवर फाटतो ते पाहणाऱ्यालाच शोधता येईल. दोन चौरस मीटर पृष्ठभागाला तेल लागेल अवघं चार घन मिलिमीटर, साध्या थेंबाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. म्हणून बटण दाबल्यावर थेंब पडेल अशी योजना नको, ती पहिल्या दोन खेपांतच टाकं निकामी करेल. तेलात बुडून वर येणारी बारीक तार ठेवा. वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी कडेवरून ओसंडून गाळणीत जाईल अशी फट हवी, म्हणजे जुना थर आपोआप निघून जाईल. शिवाय पॉकल्स बाईंसारखी, पृष्ठभाग पुसत जाणारी एक सरकती पट्टी. शेजारी कथेचं पहिलं पान मराठीत आणि बंगालीत लावा, पण शेवट लावू नका. तो शाळेत वाचला जाईल.

कळावे,
नागपुरातील विज्ञानकथेचे काही वाचक आणि विज्ञान शिकवणारे काही जण